तक्ता धरणारा मुलगा

तुझ्या शाळेच्या प्रकल्प प्रदर्शनाला तू मला पाहुणी म्हणून बोलावलंस. शाल दिलीस, नारळ दिलास, माइक हातात दिलास. मी चार वाक्यं बोलून खाली बसले. रात्री तुझा फोन आला, ‘बाई, बरं नव्हतं का?’ मला बरं होतं. मला राग आला होता. पालक बसले होते, सरपंच बसले होते आणि समोर तुझी मुलं उभी होती. शिक्षकाला त्याच्या वर्गासमोर कुणी बोलू नये, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता बोलते. तुला मी चौथीत शिकवलंय, त्या हक्काने एकेरीत बोलते. तुझं नाव लिहीत नाही, शाळेचंही लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सुटतात, आणि आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत हेच करणारे बाकीचे पुष्कळ आहेत.

तू तिथेच उभी होतीस, तरी मी काय पाहिलं ते तुला सांगावं लागणार आहे.

तिसरी ते पाचवीची मिळून सतरा मुलं, चार गट. विषय ‘आपल्या रोजच्या समस्या’, भाषा इंग्रजी. पहिल्या गटाचा विषय ‘ट्रॅफिक जाम’. तुमच्या वाडीत एसटी दिवसातून दोनदा येते, वस्तीची गाडी केव्हाच बंद झाली, आणि तक्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली अडकलेल्या गाड्यांचा छापील फोटो. दुसऱ्या गटाचा ‘एअर पोल्युशन’, त्यावर धुरांडी. आपल्या सिंधुदुर्गाच्या आठ तालुक्यांत तसलं धुरांडं त्या पोरांनी कुठे पाहिलं? तिसरा ‘वॉटर स्कॅर्सिटी’, त्यावर भेगाळलेली काळी जमीन. आपल्याकडे तांबडी माती आणि जांभा. अशी भेग आपल्या जमिनीला पडत नाही, हे पाचवीतल्या मुलाला ठाऊक असतं. त्याने तुला ते सांगितलं नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

एकेका गटातून एकेक मूल पुढे आलं आणि घोकलेली दहा-बारा वाक्यं श्वास न घेता म्हणून मागे गेलं. मी तिसऱ्या गटाजवळ थांबून विचारलं, ‘तुमच्या बावीत आता पाणी कितक्या आसा रे?’ साधा प्रश्न. चौघांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, तुझ्याकडे पाहिलं. आणि तू म्हणालीस, ‘बाई, आज फक्त इंग्रजीत बोलायचं ठरलंय.’ घरच्या विहिरीतलं पाणी सांगायला मुलाला शिक्षकाची परवानगी लागते, हे मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ते तुझ्या शाळेत पाहिलं.

चौथा गट ‘मरिन पोल्युशन’. बोलली एकच मुलगी. हुशार आहे, तालुक्याला शिकवणीला जाते, तिचे उच्चार चांगले आहेत. तिच्यात काही दोष नाही. तिच्या मागे एक मुलगा तक्ता दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. सगळा वेळ तो तक्त्यामागेच होता, मला त्याचं कपाळ तेवढं दिसत होतं. कार्यक्रम संपल्यावर तो नळावर हात धूत होता, तेव्हा मी त्याला विचारलं की तुझ्या घरी काय करतात. बाप रापणीला जातो, आजोबाही जायचे. मग तो बोलायला लागला. ‘बाई, रापणीक आता मासो कमी नि पिशव्येच जास्त गावतत. पिशव्ये अडाकले काय जाळा जड लागता. वाटता मासो गावलो, आणि वर काढल्यार कचरो.’ मी विचारलं, मग त्या कचऱ्याचं काय करता? ‘परत दर्यात टाकतत. ठेवतले खंय? गाडी वेळेर येणा नाय.’

गो बाय, तुझा अख्खा प्रकल्प त्या नळावर उभा होता. समस्या होती, तिचं कारण होतं, पुढचा प्रश्नही होता, तोही मोठ्या माणसांना उत्तर देता न येण्यासारखा. आणि तू त्या मुलाला तक्ता धरायला लावलंस.

तू म्हणशील, त्याला इंग्रजी येत नाही. मग हे प्रदर्शन कुणासाठी होतं? ज्याला येतं त्याची परीक्षा घ्यायला, की ज्याला येत नाही त्याला शिकवायला? तू त्या वर्गाची शिक्षिका आहेस. बोलणाऱ्या मुलीला इंग्रजी तू शिकवलेलं नाही, शिकवणीने शिकवलंय. तुझ्या हातात होता तो हा मुलगा. त्याच्या इंग्रजीत प्रदर्शनाआधी किती शब्द होते आणि नंतर किती झाले, हे सांगता येईल तुला? मी सांगते. एकही वाढला नाही. त्याच्या हाताला रग लागली तेवढीच.

गटप्रकल्प म्हटला की चर्चा आली, आणि चर्चा कशाला म्हणतात हे आपण विसरलोय. त्या दिवशी तासभरात एका मुलाने दुसऱ्याला प्रश्न विचारला नाही. ‘मला नाही तसं वाटत’ असं एक मूल दुसऱ्याला म्हणालं नाही. सगळ्यांना सगळं मान्य होतं, कारण ती वाक्यं कुणाचीच नव्हती. कुणी मोबाइलवरून उतरवली, कुणी घरी आईकडून लिहून घेतली, आणि दोन गटांची तू स्वतः लिहिलीस. तुझं अक्षर मी ओळखते, गिरवायला मीच लावलंय. याला पाठांतर म्हणतात. पाठांतराला माझा विरोध नाही, पाढे पाठच हवेत, शुभंकरोतीही पाठ असावी. पण पाठांतराला चर्चा म्हणायचं, आणि एकटीच्या भाषणाला गटप्रकल्प म्हणायचं, हे खोटं आहे. मुलं ते खोटं बघत होती आणि त्यावर टाळ्या पडतात हेही बघत होती.

डी.एड.च्या पेपरात तू किलपॅट्रिकवर टीप लिहिली असशील. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, त्याचा गाभा एवढाच की मुलाने मनापासून, स्वतःचा हेतू धरून केलेलं काम म्हणजे प्रकल्प. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रकल्प’ हे एक साधन झालं आणि नोंदवहीत त्याचा रकाना झाला. रकाना आला की तो भरायची घाई येते. दुकानात तयार तक्ते मिळायला लागले, तयार वह्या मिळायला लागल्या. मूल आणि प्रकल्प यांची गाठ पडलीच नाही तरी रकाना भरतो. तो भरणारी तू एकटी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तू माझी विद्यार्थिनी आहेस.

तुझ्या मनात खरं काय आहे तेही बोलते. तू १९९९-२००० ला चौथीत होतीस. पुढच्याच जूनला, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. तुझी बॅच त्यातून हुकली. तू पाचवीत एबीसीडी गिरवलीस, बारावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसलीस, आणि कॉलेजात उठून एक वाक्य बोलता आलं नाही म्हणून रडलीस, हे तूच मला सांगितलंयस. ते दुःख खरं आहे. पण ती भीती तू आता या मुलांच्या तोंडून उतरवते आहेस. त्यांनी फाडफाड बोललं की तुझ्या जिवाला गार वाटतं. मुलं आपली जखम भरायला नसतात.

चूक मीही केली. २००० च्या जूनमध्ये पहिलीला इंग्रजी घ्यायचं म्हणून आम्हाला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि मी वर्गात जाऊन पावसाला परत जा म्हणणारं ते इंग्रजी बडबडगीत हातवारे करून शिकवलं. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लांबलेला, घराघरांत भाताचा तरवा सुकतोय म्हणून माणसं आकाशाकडे डोळे लावून बसलेली. मी अर्थ सांगितला तेव्हा एक सहा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘बाई, पाऊस गेलो तर लावणी कशी होतली?’ त्या प्रश्नावर मी काय केलं असेल? तिला गप्प बसवलं, आणि पुन्हा गाणं म्हणून घेतलं. त्या दिवशी त्या मुलीशी पावसावर दोन वाक्यं बोलले असते, मालवणीत, मग मराठीत, मग ‘रेन, कम’ एवढंच इंग्रजीत, तर तिला इंग्रजी आपल्या कामाची वाटली असती. पंचवीस वर्षं झाली, तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून तुझ्या प्रदर्शनात मला राग आला. माझीच चूक मला थर्माकोलवर लावलेली दिसली.

आपल्या मुलांना एक नव्हे, दोन उंबरठे ओलांडायचे असतात. घरात मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि त्याच्या पुढे इंग्रजी. पहिला उंबरठाच आपण त्यांना नीट ओलांडू देत नाही. ‘माका’ म्हणालं की ‘मला म्हण’ म्हणून मी दरडावलंय, तूही दरडावतेस. मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ हजारो प्रयोगांनी गाजवलं, ती मालवणी ऐकायला लोकांनी तिकिटं काढली, आणि त्याच मालवणीत मूल शाळेत बोललं की ती अशुद्ध ठरते. घरची बोली तोंडातच अडली की पुस्तकी मराठीही अडते, आणि मग इंग्रजी नुसती वरून चिकटवलेली राहते. कॅनडातले जिम कमिन्स हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक १९८० च्या आगेमागे हेच मांडत होते. माणसाच्या दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या डब्यांत नसतात, दोन्हींच्या बुडाशी समज एकच असते. एका भाषेत समजलेलं दुसरीत नेता येतं. जे कुठल्याच भाषेत समजलेलं नाही, ते कुठे नेणार? ‘वॉटर स्कॅर्सिटी’ म्हणणाऱ्या तुझ्या वर्गातल्या मुलीला मी नंतर विचारलं, ‘स्कॅर्सिटी म्हणजे काय गो?’ ती म्हणाली, ‘पाणी.’

आता पाण्याचंच धरते, कारण ते आपल्या दारात आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांना याच्या चौथाईवर वर्ष काढावं लागतं. आणि तरी मे महिन्यात तुमच्या वाडीतली बाई डोक्यावर हंडा घेऊन वरच्या वाडीत जाते. का? चौथीच्या मुलाला पडावा असा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही. सह्याद्री ते समुद्र अंतर थोडं, उतार मोठा, व्हाळ गणपती-दसऱ्यापर्यंत खळाळतात आणि शिमग्याला कोरडे पडतात. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं उपसलं की खालचं खारं चढतं. देवबागला जाऊन बघ. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर आता निवास-न्याहारीच्या खोल्या आणि त्यांचे पंप. तिथल्या मुलाला ‘मचूळ’ आणि ‘खारट’ यांतला फरक जिभेने कळतो. कुठल्या बावीचं पाणी डाळ शिजायला चालतं आणि कुठलं चालत नाही, हे त्याची आई त्याला सांगते. एवढं ज्ञान घेऊन ते मूल शाळेत येतं आणि तू त्याच्यापुढे भेगाळलेल्या जमिनीचा फोटो ठेवतेस.

हा प्रकल्प कसा करायचा तेही सांगते. नुसतं रागावून सोडून देणाऱ्या बाई मला माझ्या लहानपणी आवडल्या नाहीत.

सोमवारी मुलांना बावीवर ने. काठाला भिंत असलेल्या बावीवरच, आणि मोठं माणूस बरोबर घेऊन. एक दोर, त्याला दगड बांधलेला. पाण्याला दगड लागला की दोराला काठावर गाठ. दर सोमवारी हेच, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. गाठी सरकत जातील ते मुलं डोळ्यांनी बघतील. पहिलीतलं पोर दिवसाला किती कळश्या भरतात ते मोजेल, तिसरीतलं वहीत मांडेल, पाचवीतलं वजाबाकी करेल. पहिले दोन आठवडे इंग्रजीचा शब्द काढू नकोस. भांडू दे त्यांना मालवणीत. ‘पंप लावल्यान म्हणान पाणी गेला’ असं एक म्हणेल, दुसरं म्हणेल ‘नाय, पाऊस लवकर गेलो म्हणान.’ तिथे तू निकाल देऊ नकोस. ‘तुका कसा कळला?’ एवढंच विचार. मग त्यांच्याकडून मराठीत चार ओळी लिहून घे. त्यानंतर इंग्रजी, तेही त्यांच्या गाठीएवढं. ‘द वॉटर इज लो.’ ‘लास्ट मंडे इट वॉज हाय.’ ‘माय मदर वॉक्स फार.’ एखादा ‘माय मदर गो फार’ म्हणेल. म्हणू दे. बोलणाऱ्याला मधेच अडवून व्याकरण शिकवलं की तो बोलणं सोडतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नीट वाक्य लिही, तो आपोआप बघेल.

आणि भाषणाची वाक्यं शिकवण्याआधी त्यांना चर्चेची वाक्यं शिकव. ‘व्हाय?’ ‘हाऊ मेनी?’ ‘हाऊ डू यू नो?’ आणि सगळ्यांत आधी ‘आय डोन्ट थिंक सो.’ ज्या दिवशी तो तक्ता धरणारा मुलगा शिकवणीला जाणाऱ्या मुलीला मान वर करून ‘आय डोन्ट थिंक सो’ म्हणेल, त्या दिवशी मला बोलाव. त्या दिवशी शाल घेईन मी.

तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली नेणारी आपली पोरं बघितलीस ना? त्यांतल्या कितीकांचं दहावीला इंग्रजी राहिलं होतं. आज तीच पोरं बंगळूरच्या, कुठल्या परदेशच्या पाहुण्याला तोंडाने श्वास घ्यायचा, कान दुखले तर कोणती खूण करायची, हे इंग्रजीत समजावतात आणि पाण्यात उतरवतात. व्याकरण चुकतं, समजावणं चुकत नाही, कारण चुकलं तर माणूस जाईल. त्यांना सांगायला काहीतरी होतं आणि ऐकणाऱ्याला ते हवं होतं. तेवढ्यावर भाषा आली. तीच तुझ्या शाळेतून गेलेली पोरं आहेत. तेव्हा इंग्रजी नको असं मी म्हणतेय असा कांगावा करू नकोस. मला ती या मुलांना यायला हवी आहे, म्हणूनच एवढं बोलतेय.

गटाविषयी तुला वेगळं शिकवायची मला लाज वाटते, कारण तू रापणीच्या गावात वाढलीस. होडी जाळं अर्धवर्तुळात टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगा ओढायला उभ्या राहतात. म्हातारे असतात, पोरं असतात, ज्याला जेवढं झेपेल तेवढं तो ओढतो. एका बाजूने दोर सैल सोडला तर मासा सगळ्यांचाच जातो. वर आल्यावर वाटा पडतो तो ओढणाऱ्याला. एकच माणूस ओढतोय आणि बाकीचे हात बांधून उभे आहेत, अशी रापण तू कधी पाहिलीस? मग वर्गात तसा गट कसा चालतो तुला?

‘आमच्या शाळेत नऊच मुलं, गट कुठून आणू’ असं शेजारच्या वाडीतल्या गुरुजींनी त्या दिवशी मला ऐकवलं. आपला जिल्हा रिकामा होतोय हे खरं. २००१ च्या जनगणनेत आपण ८,६८,८२५ होतो, २०११ ला ८,४९,६५१ उरलो. पट कमी आहे, चार वर्गांना एक शिक्षक आहे, वर ऑनलाइन माहितीचं ओझं आहे. हे सगळं मी मान्य करते. पण नऊ मुलं म्हणजे गटाला अडचण नव्हे. पहिली ते पाचवीची नऊ मुलं हा तयारच गट आहे, घरातल्या भावंडांसारखा. मोठं लहानाला सांगतं आणि सांगता सांगता स्वतः शिकतं. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा केली. तीही किनाऱ्याजवळचीच गावं. त्यांच्याकडे थर्माकोल नव्हता.

तुझी एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती तू मला बोलून दाखवली नाहीस. रापणीचा, जाळ्याचा विषय वर्गात काढला की गावातलं भांडण वर्गात येतं. ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, २०१७ ला केंद्राने एलईडीच्या प्रकाशात मासेमारीला बंदी केली, आणि तरी किनाऱ्यावरचा वाद मिटलेला नाही. तुझ्या वर्गात एकाचा बाप रापणीला जातो, दुसऱ्याचा मामा मोठ्या बोटीवर आहे. उद्या पालक येऊन विचारतील, बाई काय शिकवताय? त्या भीतीने तू ‘मरिन पोल्युशन’ असा कुणालाच न लागणारा विषय घेतलास. मी समजू शकते. पण दहा वर्षांच्या मुलांना निवाडा करायला कोण सांगतंय? त्यांना मोजायला लाव. आठवडाभर किनाऱ्यावर जाऊन जाळ्यातून काय काय वर येतं ते लिहून आणायचं: बांगडे किती, तारले किती, पिशव्या किती, बाटल्या किती. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा घर कशावर चालतं ते आजीला विचारून यायचं. आकड्यांवरून भांडण झालंच तर ते शिकण्याचं भांडण आहे. आणि त्या मुलाचा कचऱ्याच्या गाडीचा प्रश्न घ्यायला तर कुणाचीच हरकत नाही. ग्रामपंचायतीला मराठीत पत्र लिहा. तेच पत्र समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी इंग्रजीत फलकावर लिहा. तिथे इंग्रजी लागते, कारण तो फलक वाचणाऱ्याला मालवणी येत नाही. मुलांना हे कारण लगेच कळेल.

पालकांनाही मी सोडणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्यावरून राज्यभर रान उठलं, आणि २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. तेव्हा माझ्या खळ्यात बसून मराठी मराठी म्हणून गळा काढणारे तुझ्या प्रदर्शनात पहिल्या रांगेत होते. लेकराने स्वतःच्या घरचं पाणी, स्वतःच्या बापाचं जाळं याविषयी अवाक्षर काढलं नाही, आणि हे टाळ्या वाजवत होते, मोबाइलवर चित्रण करत होते. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात पेढे वाटले यांनी. आपल्या मुलाला आपल्याच भाषेत गप्प बसवलेलं यांना दिसलं नाही. तुझ्यावर दबाव यांचाच आहे, सेमी-इंग्रजी नसेल तर मूल काढून नेतो म्हणतात, पट गेला तर शाळा जाते. ठीक. मग त्यांनाही बावीवर बोलाव. दोर धरायला लाव. त्यांचं मूल त्यांच्यादेखत इंग्रजीत एक खरं वाक्य स्वतः जुळवून बोललं तर त्यांनाही दिसेल. टाळ्यांपुरतं पाठ केलेलं आणि तोंडून आलेलं यांतला फरक आईला कळत नाही असं होत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम तू घोकलंयस. कृतीतून शिकणं, शक्य तिथवर मातृभाषा, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं, त्याला त्याचं मत मोकळेपणाने मांडायला मदत करणं, सगळं एकाच कलमात आहे. २००९ चा कायदा आहे. त्या चौघांनी उत्तर देण्याआधी तुझ्याकडे का पाहिलं, याचा जबाब तुला या कलमापुढे द्यायचा आहे. मला नको देऊस.

आता रडू नकोस. लहानपणीही तू बोलणी खाल्लीस की रडायचीस आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठ दुप्पट करून आणायचीस. मला दुप्पट नको आहे. ते चार तक्ते उतरव. सोमवारी दहाच्या एसटीने मी येतेय, पाहुणी म्हणून नव्हे. खुर्ची मांडू नकोस. दोर मी घरून आणते, आमच्या बावीचा जुना आहे, मजबूत आहे. दगड त्या मुलाला शोधून ठेवायला सांग. आणि मी वर्गात शिरले की त्याने माझ्याशी हवं त्या भाषेत बोलावं, तुझ्याकडे न बघता.